पेनसिल्व्हेनियाला काय वाटेल?

आमच्या फेल्डन गावातील शाळेच्या व्यायामशाळेत दर चार वर्षांनी, हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात, पक्षाची सभा भरते. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभे करावे याचा कौल देशात सर्वप्रथम आमचे आयोवा राज्य देते, आणि तो कौल चिठ्ठीने नव्हे, तर पायांनी दिला जातो. ज्याला जो उमेदवार रुचतो त्याने त्या उमेदवाराच्या कोपऱ्यात, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, जाऊन उभे राहावे. ही प्रथा आम्ही पूर्वजांच्या ठेव्यासारखी जपली आहे. तिच्यात उणीव म्हणावी तर एवढीच, की शेजाऱ्यांना डोळे असतात.

त्या वर्षी शर्यतीत दोघेच उरले होते. एक रॉबर्टा हॅस्केल, पूर्वाश्रमीच्या न्यायाधीश. दुसरे सिनेटर व्हिटकोम ट्रास्क. हॅस्केलबाई शरद ऋतूत आर्डिथ कोलबेकच्या स्वयंपाकघरात येऊन गेल्या होत्या. आर्डिथने एकतीस वर्षे शाळेची बस चालवली होती, त्यामुळे आरशातून मागचा माणूस ओळखण्याची विद्या तिला साध्य होती. बाईंनी तिच्या हातचा ॲपल पाय खाल्ला, दुसरा तुकडा मागून घेतला, शेतातले खत विहिरींच्या पाण्यात उतरते त्याविषयीच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले, आणि एका प्रश्नाला तर “मला ठाऊक नाही” असेही म्हणाल्या. उमेदवाराच्या मुखातून हे तीन शब्द ऐकण्याचे भाग्य गावाला प्रथमच लाभले. निरोप घेताना आर्डिथने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला, “फेल्डनमधून पुढच्या अधिवेशनाला तुमचा एक तरी प्रतिनिधी मी पाठवीन.”

ट्रास्कसाहेबांविषयी कोणाला विशेष असे काही वाटत नव्हते. उंची भरपूर, केस रुपेरी, हनुवटी चौकोनी. ते बोलू लागले की हे आपण पूर्वी कुठेतरी ऐकले आहे असे वाटे आणि श्रोता निश्चिंत होई. ते कोणालाच फारसे आवडत नव्हते, म्हणूनच ते सर्वांना चालतील याविषयी सर्वांची खात्री होती. या गुणाला ‘निवडून येण्याची क्षमता’ असे म्हणतात. हे तत्त्व निर्गुण आहे, निराकार आहे. इंद्रियांना ते गोचर होत नाही. दूरचित्रवाणीवरील विद्वान मात्र रोज सायंकाळी त्याचा साक्षात्कार घडवतात.

सभेचे अध्यक्ष ड्वेन स्प्रेकर हे गावातील औषधविक्रेते. औषधाच्या गोळ्या मोजाव्यात तशी त्यांनी माणसे मोजली आणि म्हणाले, “छप्पन्न जण आलेत. पंधरा टक्क्यांच्या हिशेबानं नऊ. ज्या कोपऱ्यात नऊ माणसं नाहीत तो कोपरा मोडणार, त्याला प्रतिनिधी नाही, आणि तिथल्यांनी दुसरीकडं जायचं. चला, उभे राहा.”

आम्ही उभे राहिलो. ट्रास्क अठ्ठेचाळीस. हॅस्केल आठ.

“अर्धा तास आहे,” ड्वेन म्हणाले. “ज्याला मन बदलायचंय त्यानं बदलावं.”

आर्डिथला एकच माणूस हवा होता, आणि तो कोणता हे तिने आधीच पाहून ठेवले होते. सेहेचाळीस वर्षांच्या संसाराचा तिचा जोडीदार मर्लिन समोरच्या कोपऱ्यात बास्केटबॉलच्या जाळीखाली टोपी सावरत उभा होता.

“मर्लिन, तू तिकडं काय करतोयस?”

“उभा आहे.”

“ते दिसतंय मला. बाई आपल्या घरून गेल्या तेव्हा कोण म्हणालं होतं, असं माणूस शंभर वर्षांत एखादंच होतं म्हणून?”

“मीच. अजून म्हणतो. पण आर्डिथ, आपल्याला आवडून काय उपयोग? पेनसिल्व्हेनियातल्या लोकांना ती चालायची नाही.”

“पेनसिल्व्हेनियात तू कधी गेला होतास?”

“गेलो होतो की. महामार्गावर टायर पंक्चर झाला होता.”

मर्लिनच्या शेजारी गुरांचे डॉक्टर गेलन रूपर होते. ते कळवळून म्हणाले, “आर्डिथ, माझं तर त्या बाईवर मनापासून प्रेम आहे. म्हणूनच मी तिच्या बाजूनं उभा नाही. उगाच हरेल बिचारी.”

“बरं,” आर्डिथ म्हणाली. बसमधल्या दंगेखोर पोरांना गप्प करणारा तो स्वर होता. “ज्यांना मनातून हॅस्केलबाईच आवडतात, त्यांनी हात वर करा.”

आमच्या ट्रास्कच्या कोपऱ्यातले अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस हात वर झाले. ट्रास्कसाहेबांच्या नावाची टोपी घातलेल्या गृहस्थांनीही टोपी काढून हात वर केला. आम्हाला त्यात काही विसंगत वाटले नाही. भक्ती अंतःकरणात असावी आणि पाय व्यवहारात असावेत, असे आमच्या गावाचे शहाणपण आहे.

“मग पेनसिल्व्हेनियालाच विचारते,” असे म्हणून आर्डिथने फोन काढला. मर्लिनची धाकटी बहीण ग्लेन्डा लग्नानंतर तिकडेच स्थायिक झाली होती. आर्डिथने फोन ड्वेनच्या ध्वनिक्षेपकासमोर धरला.

“ग्लेन्डा, मी आर्डिथ. पटकन सांग, तुला कोण आवडतं? हॅस्केल की ट्रास्क?”

“हे काय विचारणं झालं? हॅस्केल! आमच्या गोधड्या शिवायच्या मंडळातल्या सगळ्याजणी तिच्यावर फिदा आहेत.”

आठ जणांच्या कोपऱ्यातून आनंदाची आरोळी उठली. आर्डिथने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले.

“म्हणजे तुम्ही मत तिलाच देणार ना?”

“छे गं! ट्रास्कला. आम्हाला तीच हवी होती, पण तुम्ही आयोवातली माणसं तिला उभी करणार नाही, असं टीव्हीवर रोज सांगतात. मग मत वाया कशाला घालवायचं? का गं, तुम्ही सगळे ट्रास्ककडेच आहात ना?”

सत्य दारात आले तर त्याला निदान बसायला खुर्ची द्यावी, अशी रीत आहे. पण गेलन रूपर यांचा चेहरा उजळला. “ऐकलंत? पेनसिल्व्हेनिया ट्रास्कबरोबर आहे! मी काय म्हणत होतो?” आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मर्लिनने मात्र वाजवल्या नाहीत. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “ग्लेन्डा लहानपणापासून मी काय करतो ते बघून करते. आणि आज मी इथं तिच्याकडं बघून उभा आहे.” एवढे बोलून तो निघाला आणि मैदानावर रंगवलेल्या रेषा ओलांडीत, साऱ्या गावाच्या नजरा पाठीवर घेऊन, पत्नीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“नऊ!” आर्डिथ ओरडली. “ड्वेन, मोज! नऊ झाले!”

ड्वेनने मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. “आठच आहेत, आर्डिथ.”

आर्डिथने मागे वळून पाहिले. आतापर्यंत तिच्याच कोपऱ्यात असलेली, केशकर्तनालय चालवणारी तिची मैत्रीण लव्हॉन टाइग, हातावर कोट घेऊन, आमच्या कोपऱ्याच्या कडेला येऊन उभी होती.

“लव्हॉन! तू सुद्धा?”

“रागावू नकोस गं. खुद्द पेनसिल्व्हेनियाच नाही म्हणतंय, तिथं मी काय करणार? मला ती किती आवडते ते तुला ठाऊक आहे. मी अर्ध्या गावातल्या बायकांचे केस तिच्यासारखे कापलेत!”

“वेळ संपली,” ड्वेनने जाहीर केले. “ट्रास्क अठ्ठेचाळीस, हॅस्केल आठ. काही बदल नाही.” आणि त्यांनी तसे लिहूनही टाकले. “हॅस्केलचा कोपरा मोडला. तिथल्यांनी इकडं या.”

“अरे, मी आत्ताच आलोय!” मर्लिन म्हणाला.

सहाजण मान खाली घालून निघाले आणि आमच्यात मिसळले. आर्डिथ जागची हलली नाही. मर्लिनही नाही.

“आर्डिथ, कुठल्याच कोपऱ्यात नसलेल्यांची गणती होत नाही,” ड्वेन अजिजीने म्हणाले. “वर्तमानपत्रवाले थांबलेत. सगळे ट्रास्कसाठी एकदिलानं उभे राहिले असं लिहिलं तर गावाचं किती चांगलं दिसेल!”

“मी बाईंना शब्द दिला होता, ड्वेन. तो पाळता आला नाही. निदान त्याच्यावर पाय देऊन तरी जाणार नाही. लिही, दोघं इथं उभे होते.”

“त्याला रकाना नाही गं.”

मर्लिनने भिंतीजवळच्या दोन घडीच्या खुर्च्या ओढून उघडल्या. दोघे हॅस्केलबाईंच्या फलकाखाली शेजारी शेजारी बसले. ड्वेनने फेल्डनच्या वाट्याचे सहाही प्रतिनिधी ट्रास्कसाहेबांना दिल्याचे जाहीर केले, आणि आमच्या कोपऱ्यात टाळ्या सुरू झाल्या. किंचित उशिरानेच, कारण प्रत्येक जण शेजारचा वाजवतो की नाही ते आधी पाहत होता.