उमाचं वाक्य

झाशीच्या सीपरी बाजारातल्या मराठी मंडळाने यंदा शंभर वर्षांपूर्वीचं एक नाटक बसवायला घेतलं. म्हाताऱ्या सावकाराशी ठरलेलं उमाचं लग्न एक सुधारक तरुण मोडतो आणि शेवटी स्वतःच तिच्याशी लग्न ठरवतो. बायकांच्या बाजूचं नाटक, असं अध्यक्ष जनार्दनराव ज्याला त्याला सांगत.

जुन्या प्रतीवरून सगळं नाटक विद्याने टाइप केलं. शेवटच्या प्रवेशात उमाला एकही वाक्य नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. उमाचा बाप आणि तो तरुण बोलतात. उमा मान खाली घालून उभी. विद्या झाशीतच वाढलेली, शाळेत शिकवणारी. बी.एड.चा पेपर देऊन ती घरी आली, तेव्हा तिचं लग्न ठरून पेढेही वाटून झाले होते.

तालमीत ती म्हणाली, "इथे उमाला एक वाक्य देऊ या. 'मला कोणी विचारलंच नाही.' एवढंच."

"वहिनी, जुन्या नाटकाला हात लावायचा नसतो," जनार्दनराव म्हणाले.

"तुम्ही दोन पदं गाळून नोकराला बुंदेली विनोद दिलेत की."

"ते लोकांसाठी."

उमाचं काम रुचिराकडे होतं. एकोणीस वर्षांची, वडील कारखान्यात इंजिनियर, नागपूरहून बदलून आलेले. हिंदी शाळेत शिकलेली, मराठी बोलताना ती अडखळायची. तालमीनंतर हळूच म्हणाली, "काकू, मैं बोल दूँगी."

प्रयोगात ती बोलली. बापाच्या डोळ्यांत बघत, न अडखळता. मग बाप झालेले विश्वंभरराव प्रेक्षकांकडे वळले. "घ्या. आता हिलाही विचारायचं." असा हशा पिकला की पुढची वाक्यं ऐकूच आली नाहीत. बायकाही हसल्या. पहिल्या रांगेत विद्याचा नवरा जयंत टाळ्या वाजवत होता.

पडदा पडल्यावर जनार्दनराव विंगेत आले. ते रागावतील, असं विद्याला वाटलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"वहिनी, ग्वाल्हेरच्या प्रयोगातही ठेवू हे. विश्वंभरच्या उत्तरासकट. काय हशा आला."

"मग मी येणार नाही ग्वाल्हेरला."

"हरकत नाही. तुम्हाला शाळा असतेच."

रुचिरा आरशासमोर रंग पुसत होती. "काकू, मेरी टाइमिंग गलत थी क्या?"

"नाही गं. बरोबर बोललीस तू." विद्या तिच्या केसांतल्या पिना काढू लागली. "तूही जाऊ नकोस ग्वाल्हेरला."

"जाना पड़ेगा," रुचिरा म्हणाली. "पापा ने हाँ बोल दिया है."