नचिकेतचा लूपर

लूपर म्हणजे पायाने दाबायची एक लोखंडी डबी. गिटारच्या चार ओळी भरल्या, की ती त्याच पुन्हा पुन्हा वाजवत राहते. आमचे माइकही तिलाच जोडलेले असतात. आमच्या लूपरवर एकदा दाबलं की रेकॉर्ड, दुसऱ्यांदा दाबलं की नुसतं वाजतं. तो बिघडला म्हणून प्रसन्न, माझा नवरा, त्याच्या मित्राचा, नचिकेतचा, घेऊन आला. त्यावर दुसऱ्यांदा दाबलं तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं, थांबवायला तिसऱ्यांदा दाबावं लागतं. नचिकेतने बजावलं होतं, पण आमच्या साहेबांना कोण शिकवणार!

कॅफेवाल्या सिद्धांतने मला पुढच्या शनिवारी एकटीने गायला बोलावलं होतं. घरी सांगायला जीभ रेटली नाही. स्टेजवर तरी भांडता येणार नाही, म्हणून प्रसन्नने गिटार भरून दुसऱ्यांदा पाय दाबला तेव्हा माइकपासून तोंड वळवून सांगून टाकलं. गुरुग्राममध्ये मराठी कोणाला कळतं, म्हणून आम्ही स्टेजवर बिनधास्त बोलतो. तो माइकसमोरच हसत म्हणाला, "तुला एकटीला जमणार नाही, यार."

गिटार फिरून आली ती हे वाक्य घेऊनच. मग पुन्हा. ते झाकायला मी जोरात आलाप घेतला, तोही वर रेकॉर्ड झाला. घाबरून प्रसन्नने पाय दाबून धरला. तसं केलं की रेकॉर्डिंग थांबतं, पण फक्त शेवटचा थर पुसला जातो. माझा आलाप गेला, त्याचं वाक्य राहिलं. सगळंच पुसलं तर गिटारही जाणार, म्हणून त्याने ते तसंच ठेवलं.

लोकांना ते भलतंच आवडलं. टेबलं वाजवत सगळे गायला लागले, "तुला एकटीला जमणार नाही!" अख्खं गाणं मी त्या वाक्यावर गायले. इतका संताप आला होता, तरी सुरात गायले.

नंतर सिद्धांत धावत आला. "मृणालजी, क्या लाइन थी! मतलब क्या है?"

"प्यार का गाना है," प्रसन्नने परस्पर सांगून टाकलं.

"नहीं," मी म्हटलं. "मतलब है, तुझसे अकेले नहीं होगा. मुझे बोल रहे थे."

सिद्धांतचं हसू मावळलं. "अच्छा... तो शनिवार को आप अकेली आ रही हैं ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि आधी प्रसन्नकडे बघितलं.