माझ्या मापाची मखमली खोळ

मित्रांनो, मला शिंक येत नाही. आली असती, तर गेली दोन वर्षं मी म्हैसूरचा लष्कर मोहल्ला रोज दणाणून सोडला असता. मला नाक नाही, पण अंगाला शेकडो बारीक भोकं आहेत. त्यांतून मी आजवर काय काय आत ओढलं आहे ते ऐकलंत, तर भरल्या ताटावरून उठाल. कापडाची लव, उदबत्तीची राख, शिंप्याच्या घरच्या मालतीबाईंचे गळालेले केस, झुरळाचा एक पाय. बाकीचं झुरळ कुठे गेलं तेही मला ठाऊक आहे, पण तुमच्या जेवणाची मला काळजी आहे.

मी संगणकाची लहान पेटी आहे. विकणारे मला कॅबिनेट म्हणतात, गिऱ्हाइकं सीपीयू म्हणतात आणि रंगराव शिंपी मला सरळ ‘डब्बा’ म्हणतात. जन्मलो तेव्हा माझा पत्रा काळाभोर आणि गुळगुळीत होता. अंगावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी होती आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोल. माझ्या आयुष्यातले स्वच्छ दिवस म्हटले तर तेवढेच.

चैत्राने मला निवडलं तो दिवस मला चांगला आठवतो. ती रंगरावांची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. संगणकांच्या दुकानात शिरली तीच गळ्यात टेप घालून. विक्रेता संकर्षण तिला माझ्या शेजारचं मोठं काचेचं कॅबिनेट दाखवत होता. त्यात सात रंगांचे दिवे लागत. लग्नाच्या मांडवासारखा तो थाट पाहून मला तेव्हाच शिसारी आली होती. चैत्राने टेप काढली, त्याची रुंदी मोजली आणि मान हलवली. तिच्या बाबांचं दुकान आठ फूट बाय दहा. भरतकामाचं यंत्र आणि कापड बेतायचं टेबल यांच्यामध्ये वीतभर आणि वर चार बोटं एवढीच फट मोकळी होती. त्या फटीत राहील असा मी एकटाच निघालो.

आतल्या वस्तू घेतानाही तिने टेप सोडली नाही. संकर्षण एक उंच पंखा पुढे करून “आगुत्ते मॅडम, आगुत्ते,” म्हणत होता. म्हणजे होईल, बसेल. तिने तो पंखा माझ्या आत उभा धरून पाहिला, तर माझं दारच लागेना. “हा माझ्या कामाचा नाही,” म्हणत तिने बुटका पंखा मागितला. लहान पेटीत सामान भरायचं म्हणजे तंग ब्लाउज बेतण्यासारखं असतं, एक सूतभर चूक झाली तरी सगळं उसवावं लागतं. हे तिला न शिकवता कळत होतं, शिंप्याच्या घरचीच ती.

मला तिने बाबांच्या दुकानातच, बेतायच्या टेबलावर जोडलं. स्क्रू ठेवायला टाचण्यांची लोहचुंबकाची डबी घेतली, बारीक वायरी पकडायला भरतकामाचा चिमटा घेतला. सगळ्या वायरी कडेने वळवून तिने दोऱ्याने बांधल्या, एकही आडवी राहू दिली नाही. माझं पोट इतकं नीट कोणी भरलं असेल असं मला वाटत नाही. रंगराव चष्म्यावरून पाहत होते. त्यांचे आजोबा सुई घेऊन या गावात आले, तेव्हापासून घरात सगळं हाताने चालत आलेलं.

“दसऱ्यापर्यंत हं, अष्टे, तेवढंच,” ते चैत्राला म्हणाले. “तवर तुझा डब्बा चालला तर नोडूया, बघू पुढचं. नाही तर ती जागा मला कतरणाला पाहिजे. आणि तू मग एखाद्या कंपनीत नोकरीला जायचं. आयतु?”

“आयतु, अप्पा, ठरलं,” चैत्रा म्हणाली.

म्हणजे मित्रांनो, पोरीचं दुकानातलं राहणं माझ्या पंख्यावर टांगलेलं होतं. आणि पंखा कुठे बसवलेला? तर जिथे दिवसभर कापड फाटतं, झटकलं जातं आणि पुन्हा झटकलं जातं, तिथे.

नव्याचे नऊ दिवस माझं फार कौतुक झालं. गिऱ्हाइकं वाकून बघत आणि विचारत, “हा काय, जेवणाचा डबा?” चैत्राने रंगरावांच्या जुन्या वहीतली हाताने काढलेली वेल टाक्याटाक्याने माझ्यात उतरवली. महिनाभर ती त्यातच होती. मग माझ्यापासून यंत्रापर्यंत वायर लावली आणि पहिल्यांदा ती वेल कापडावर उमटली. रंगराव तिच्यावर बोट फिरवत बराच वेळ उभे होते. त्या दिवशी त्यांनी दुपारची कॉफी चैत्राच्या हातात स्वतः आणून दिली. तिचे चार थेंब माझ्या डोक्यावर सांडले आणि अजूनही तिथे चिकट डाग आहे.

पुढे मला घरच्या वस्तूसारखं वागवू लागले आणि तिथेच माझा घात झाला. माझं डोकं सपाट दिसलं म्हणून चैत्राच्या आईने, मालतीबाईंनी, त्यावर विठोबाची तसबीर ठेवली आणि पुढ्यात उदबत्तीचं घर. राख माझ्या भोकांतून सरळ आत. एका गिऱ्हाइकाच्या लेकराने अर्धं चोखलेलं पेपरमिंट माझ्या पुढच्या खाचेत कोंबलं. भिंतीवरची पाल दुपारची माझ्या पाठीशी येऊन बसायची, ऊब लागते म्हणून, आणि जाताना काय ठेवून जायची ते तुम्हीच ओळखा. आणि लव! लाल, निळी, पिवळी, रोज नवी लव. ती आत जाऊन पंख्याला बिलगायची, ओलसर हवेत घट्ट बसायची आणि तिचा थर वाढत राहायचा. मला माझीच घाण वाटू लागली होती.

हे सगळं रंगरावांनाही दिसत होतं. माणूस प्रेमळ, आणि स्वतःच्या शिवणयंत्राला रोज सकाळी ब्रश मारून तेल घालणारा. त्यांनी ठरवलं, डब्ब्याला धुळीपासून जपायचं. मग त्यांनी शिंप्याला सुचावं तेच केलं. चैत्रा बाहेर गेलेली असताना माझी मापं घेतली, जुन्या झग्याची उरलेली लाल मखमल काढली आणि मला खोळ शिवली. आत अस्तर, कडेला सोनेरी पट्टी, वायरींसाठी काजं केलेली चार भोकं. काय सांगू, माप अचूक होतं. कुठे एक चुणी नाही, कुठे बोटभर फट नाही. माझ्या शेकडो भोकांपैकी एकही त्यांनी उघडं सोडलं नाही.

“अय्यो, किती छान बसली बघ,” मालतीबाई म्हणाल्या.

चैत्रा आली, हसली आणि म्हणाली, “अप्पा, चालू असताना घालू नका हं. त्याला वारा लागतो.” रंगरावांनी मान डोलावली. पण ‘चालू’ म्हणजे काय, यावर त्या दोघांचं एकमत आहे की नाही, हे कोणी विचारलंच नाही. रंगरावांच्या लेखी संगणकाचा पडदा काळा झाला की डब्बा झोपला. यंत्राची सुई चालत असली, तरी चालते ती सुई. डब्ब्याने एकदा नक्षी सांगितली की त्याचं काम झालं, आता तो नुसता बसलाय. खरं तर शेवटच्या टाक्यापर्यंत यंत्राला सांगत मीच असायचो. म्हणून चैत्रा वरच्या घरी जेवायला गेली की ते हळूच उठायचे आणि मला खोळ घालायचे. तिची पावलं जिन्यावर वाजली की काढून ठेवायचे, पोरगी उगाच रागावेल म्हणून. ती मखमल जितकी मऊ तितकी मला किळसवाणी वाटायची. आत माझाच उकाडा, माझीच राख आणि वरून मखमलीची नवी लव.

दसरा आला. नृत्याचा वर्ग चालवणाऱ्या सहानाताईंनी अठरा मुलींच्या ब्लाउजांवर तीच वेल सांगितली होती. आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता मुली ते न्यायला येणार होत्या. त्याच्या पुढे मुदतच नव्हती. आयुधपूजेला सुई, कात्री, यंत्र सगळं पूजेला बसतं आणि विजयादशमीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. या दुकानात ती रीत कधी मोडलेली नाही.

आदल्या दुपारपर्यंत चौदा झाले होते. पंधरावा यंत्रावर होता. चैत्रा दोन घास खायला वर गेली. पडदा काळा झाला. रंगराव शेजारी मांजरपाट फाडत होते आणि त्याचा धुरळा उडत होता. आज तर जास्तच जपायला हवं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी मला खोळ चढवली आणि सोनेरी पट्टी नीट ओढली.

मी फार प्रयत्न केला, मित्रांनो. पंखा लवेत रुतला होता, तो कण्हत फिरला आणि अडकला. अंगाची लाही झाली. मग मी बंद पडलो. पलीकडे वेलीच्या अर्ध्या पानावर सुई थांबली.

चैत्रा धावत आली, तोवर खोळ खुंटीवर होती. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मालतीबाईंनी मीठमिरच्या आणून माझी दृष्ट काढली आणि त्यातलं मीठही माझ्यातच सांडलं. रंगराव सुई-दोरा घेऊन बसले. “द्या इकडे, हातानं करतो,” म्हणाले. पण सुईत दोरा ओवायलाच त्यांना तीन खेपा लागल्या. चार वाजायला आले होते. चैत्राचा चेहरा पांढरा पडला होता. ती रडली नाही, पण मला वाटलं ती रडली असती तर बरं झालं असतं.

मग तिने माझं दार उघडलं. चिमट्याने तिने पंख्यावरून जे ओढून काढलं ते पाहून मालतीबाईंनी तोंडाला पदर लावला. जाड, करडा, केसाळ थर, आणि त्यावर सगळ्यात वर ताजी लाल लव. चैत्राने ती बोटावर घेतली, खुंटीकडे पाहिलं आणि मग माझ्या अंगाला हात लावला. मी अजून चटका देत होतो.

“अप्पा, खोळ कधी घातली होती?”

रंगरावांनी सुई खाली ठेवली. “आता,” ते म्हणाले. मग चष्मा काढून, “आणि रोज. तू जेवायला गेलीस की रोज. मला वाटलं तो झोपलाय.” त्यांनी खुंटीवरच्या खोळीकडे बोट केलं. “पुट्टी, बाळा, मीच मारला त्याला.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. पाच महिने मी त्या मखमलीवर दात खात होतो. पण साठीतला तो माणूस आपल्याच हातांकडे असा पाहत होता, की माझ्याच्याने रागावणं झालं नाही. किळस तेवढी कायम होती.

“मेला नाही,” चैत्रा म्हणाली. “जीव कोंडलाय. तुमचा ब्रश द्या.”

ब्रश द्यायच्या ऐवजी रंगराव तो घेऊन स्वतःच बसले. यंत्राचे दाते साफ करतात तसं त्यांनी माझं एकेक पातं साफ केलं, दम धरून. मग सवयीने तेलाची झारी उचलली.

“अप्पा, तेल बेडा, तेल नको,” चैत्रा घाईने म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

मी सुरू झालो. विठोबा आणि उदबत्ती फळीवर गेली आणि चैत्रा माझ्या उघड्या दाराशी विजेचा छोटा पंखा धरून बसली. अडकलेलं पान यंत्राला पुन्हा जुळेना, म्हणून त्या ब्लाउजाची उरलेली वेल रंगरावांनी हाताने भरली. दोरा चैत्राने ओवून दिला, आणि बाकीचे तीन मी यंत्राकडून करून घेतले. जवळून पाहिलं तर फरक कळतो. पण नाचताना कोण जवळून बघतं? सहाच्या ठोक्याला मुली आल्या आणि अठरा ब्लाउज घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. मालतीबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन माझ्यापाशी आल्या आणि बोट थेट माझ्या भोकांकडे निघालं. रंगरावांनी त्यांचा हात धरला. “तिथं नको. तिथनं श्वास घेतो तो,” म्हणाले, आणि माझ्या पायाशी, सलग पत्र्यावर, एकच टिकली लावायला लावली. मला कुंकू आवडत नाही. पण ते मी चालवून घेतलं.

दसऱ्यापर्यंतची मुदत संपली होती. जागेचं काय, हे चैत्राने विचारलं नाही आणि रंगरावांनी सांगितलं नाही. विजयादशमीला त्यांच्या दुकानात वर्षाची पहिली कात्री चालते. ती नेहमी कोऱ्या कापडावर, शुभ म्हणून. त्या सकाळी रंगरावांनी कात्रीला नमस्कार केला आणि खुंटीवरची माझी खोळ काढली. इतकी सुबक शिवण, पण मधोमध कापताना त्यांचा हात थांबला नाही. मखमल उलगडली, आत कापूस भरला, चारी बाजूंनी टीप मारली. त्याची गादी झाली. ती त्यांनी माझ्यासमोरच्या लाकडी स्टुलावर ठेवली, जिथे चैत्रा दिवसभर बसते.

“बस,” ते तिला म्हणाले. “कडक स्टूल. रोज रोज बसून कंबर जाईल तुझी.”

ती बसली. त्या दिवसापासून तीच तिथे बसते आणि फट माझीच आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात असेल, तर त्याला खोळ शिवू नका, तसबीर ठेवू नका, पेपरमिंट तर नकोच नको. महिन्यातून एकदा दार उघडा आणि ब्रश फिरवा. जे दिसेल ते पाहून नाक मुरडलंत तरी चालेल, मीही मुरडलं असतं. आणि कोणाला जपायचं मनात आलं, तर आधी त्यालाच विचारा, तू श्वास कुठून घेतोस. रंगराव आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी ब्रश घेऊन माझ्यापाशी येतात. कॉफीचा डाग मात्र त्यांनी अजून पुसलेला नाही.

मखमलीबद्दल म्हणाल, तर ती आता बसण्याच्याच लायकीची झाली आहे.