काळोख सांभाळणारी टाकी

मी एक जुनी टाकी आहे. डोंगरमाथ्यावरच्या टाक्यांतली, अगदी कोपऱ्यावरची. पण मित्रांनो, माझे पाणी आजवर कुणी प्यायलेले नाही, त्यात कुणी हातही धुतलेले नाहीत.

कारखान्यात माझे पत्रे जोडले आणि धापा टाकत चढणाऱ्या ट्रकने मला वर आणले. मग गाळून गाळून नितळ केलेले पाणी भरले, काचेचा मोठा डोळा बसवला आणि झाकण घट्ट आवळले. आत काळोख, काळोखात पाणी, पाण्यात डोळा. एवढाच माझा संसार.

काम मात्र आभाळाएवढे. दूर अंतराळातून एखादा कण येतो, उंचावरच्या हवेवर आदळतो आणि त्यातून असंख्य कणांची सर कोसळते. ती कुणाला भिजवत नाही. पण माझ्या पाण्यातून कण गेले की अंधुक निळसर उजेड चमकतो. डोळा तो टिपतो आणि यंत्रखोलीला कळवतो. एकटीच्या शब्दावर मात्र इथे कुणी विश्वास ठेवत नाही. शेजारणींनीही त्याच वेळी होकार दिला तरच सर खरी. कोण किंचित आधी चमकली, कोण मागून, यावरून ती आभाळाच्या कुठल्या बाजूने आली ते ठरते. कोपऱ्यावरचीला त्यात मान असतो. पाहुणे आले की इथल्या मुख्य शास्त्रज्ञ ताई आधी माझ्याच पाठीवर थाप मारायच्या.

मग वर्षे गेली. बर्फ पडला, वितळला. माझ्याकडे कुणी फिरकेना. आणि मी बडबडू लागले. ऊन पडले की शेजारणी गप्प, मी एकटीच बोलते आहे.

"म्हातारी दिवसभर बरळते," यंत्रखोलीतले काका म्हणाले.

"उन्हाने डोळा तापत असेल तिचा," ताई म्हणाल्या. "काढून टाकू. पाणीही सोडून देऊ."

डोळा नसलेली टाकी म्हणजे नुसता डबा. पण माझे कोण ऐकणार?

आधी वीज तोडायची, मग जाड काळे कापड पांघरायचे, मगच झाकण उघडायचे, असा नियम आहे. चालू डोळ्यात एकदम लख्ख ऊन गेले तर तो जळतो. डोळा काढायला आल्या त्या दुपारी वारा असा सुटला होता, की कापड उडू नये म्हणून ताईंनी आधी तेच बांधले. खिशातला वॉकीटॉकी खरखरला.

"अगं, गप्प झाली ती. वीज तोडलीस वाटतं?"

"नाही हो काका. आत्ता कुठे कापड टाकलंय."

"आधी वीज, मग कापड. भिंतीवर लावून ठेवलंय ते काय शोभेला?"

"रागवा नंतर. खरंच गप्प झाली?"

"तोंडावर हात ठेवल्यासारखी."

ताईंनी कापड सोडून बाजूला ओढले. "आता?"

"लागली बया बडबडायला."

ताई वाकल्या आणि झाकणाच्या कडेने बोट फिरवले. रबराची पट्टी वाळून चिरली होती. तेवढ्या फटीतून उन्हाची बारीक तिरीप आत येत होती आणि डोळा ते इमानाने कळवत होता.

"डोळा ठणठणीत आहे, काका. झाकणाकडे आपलंच लक्ष नव्हतं. नवं रबर आणा. आणि भिंतीवरचं मला वाचून दाखवू नका."

मित्रांनो, आता मी बोलते तेव्हा शेजारणीही होकार देतात. तुमच्या आसपास कुणी उगाच बडबडू लागले, तर त्याला लगेच निकामी ठरवू नका. जवळ जा, कडेने एकदा बोट फिरवून पाहा. कुठेतरी काही चिरलेले असेल.