जावेचे केस

"ताई, आत या. पण पडदा सरकवू नका."

आवाज ज्योत्स्नाचाच होता, पण जड, तोंडात घास धरून बोलावं तसा. वत्सलाबाई दारात थबकल्या. एरवी सकाळी ही वरची खोली उन्हानं भरलेली असायची आणि ज्योत्स्ना आरशासमोर बसलेली. आज ती भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. वत्सलाबाईंनी खांद्याला धरून तिला वळवलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

ज्या चेहऱ्यामुळे त्यांची धाकटी जाऊ सगळ्या भावकीत ओळखली जायची, तो चेहरा टम्म फुगला होता. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. कपाळाच्या कडेनं लाल चट्टे उठले होते आणि कानामागून पाणी झिरपत होतं.

"काय लावलंस?"

"डाय. नेहमीचाच हो. या वेळी जरा जास्त वेळ ठेवला. लग्नात केस चांगले काळे दिसावेत म्हणून."

लग्न वत्सलाबाईंच्या ललितचं होतं, आठवड्यावर आलेलं. ललितनंच गाडी काढली आणि काकूला कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "औषध मुळाशी पोचायला हवं, केस मशीननं अगदी कातडीपर्यंत कापून घ्या. आणि डाय कायमचा बंद. पुढच्या वेळी सूज घशात उतरली तर इथवर यायलाही वेळ मिळणार नाही."

घरी आल्यावर वत्सलाबाईंनी जावेला भाताची पेज भरवली, औषध लावलं, खाली आल्या आणि जेवायला बसल्या. त्या दुपारी त्यांना एक भाकरी जास्त गेली. का गेली ते त्यांचं त्यांना कळत होतं. त्यांनी ताट घाईघाईनं घासून टाकलं.

वत्सलाबाई या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं, "रंगाला नाय, पण कामाला हाय." ते खरंही झालं. घर सांभाळून त्यांनी महापालिकेच्या दवाखान्यात आयाची नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. त्यांच्या लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी धाकट्या दिरासाठी, जयरामसाठी, कळवणची मुलगी बघायला सगळे निघाले. वत्सलाबाईही नेसून तयार झाल्या होत्या. सासूबाई जोड्यात पाय घालता घालता म्हणाल्या, "तू घरीच थांब. त्यांना वाटंल, ह्यांच्यात समद्या अशाच."

मग ज्योत्स्ना आली. गोरी, उंच, कमरेच्या खाली वेणी. तेव्हापासून पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे तिनं न्यायचा आणि आधण वत्सलाबाईंनी ठेवायचं, हे कुणी न सांगता ठरून गेलं. हळदीकुंकवाला बायका आधी तिच्यापुढे वाकायच्या. वत्सलाबाईंचे यजमान केरूअण्णा भला माणूस. कधी आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. पण एकदा पंगतीत वाढणाऱ्या ज्योत्स्नाकडे बघून ते हसत भावाला म्हणाले होते, "जयराम, नशीब काढलंस बाबा." केरूअण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. ते वाक्य मात्र अजून घरातच होतं.

वत्सलाबाईंनी यावर मनाशी एकच औषध शोधून ठेवलं होतं. म्हातारपण. ते कुणालाच सोडत नाही. एकदा पन्नाशी उलटली की गोरी काय आणि काळी काय, सगळ्या सुरकुतलेल्या. स्टँडवर बाई एसटीची वाट बघते, तशी त्या या दिवसाची वाट बघत राहिल्या. गाडी आली, पण ज्योत्स्नासाठी थांबलीच नाही. लग्नाचा बस्ता बांधायला मेनरोडला गेल्या, तेव्हा दुकानातल्या पोरानं वत्सलाबाईंना आजी म्हटलं आणि ज्योत्स्नाला ताई. वर विचारलं, "लेक का तुमची?" दोघींत अंतर उणंपुरं सहा वर्षांचं. ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून हसली. वत्सलाबाई साड्यांचे पदर उलटेपालटे करत राहिल्या.

आणि आता ललितचं लग्न. केरूअण्णा नाहीत, म्हणून देवकाला जयराम आणि ज्योत्स्ना बसणार होते. विधवेनं पाटावर बसायचं नाही, ही जुनी रीत. पोटच्या पोराच्या लग्नातसुद्धा पुढे ज्योत्स्नाच. वत्सलाबाईंना कुणी विचारलं नव्हतं, त्याही काही बोलल्या नव्हत्या.

सूज बरीचशी उतरली त्या दिवशी जयराम खाली आला. ठिबकच्या पाइपांचं दुकान दुपारीच बंद करून आला होता. खुर्चीवर टेकला आणि फरशीकडे बघत म्हणाला, "वहिनी, देवकाला तुम्हीच बसा. हल्ली चालतं सगळं."

"आणि ज्योत्स्ना?"

"ती नाही येणार लग्नाला."

"ती म्हणाली असं?"

"मीच म्हणालो. केस कापल्यावर बघितलंत का तिला? ते डोकं घेऊन चार-पाचशे माणसांत फिरायचं म्हणजे... लोक हसतील. डेंग्यू झालाय म्हणून सांगू."

वत्सलाबाईंनी "बरं" म्हटलं. आणि जयराम गेल्यावर कपाटातली मोतिया साडी काढून तिच्या घड्या मोडल्या. आपण पाटावर बसलोय, शेजारी ललित आहे, भटजी आपलं नाव घेताहेत. त्या घटकाभर तशाच साडी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

संध्याकाळी त्या ताट घेऊन वर गेल्या. ज्योत्स्ना खिडकीशी बसली होती. चेहरा बराचसा पूर्ववत झाला होता. पण डोक्यावर नुकते उगवलेले खुंट तेवढे होते आणि ते सगळेच्या सगळे पांढरे होते, चुन्यासारखे. वत्सलाबाईंना वाटलं होतं कानाशी चार पिकले असतील.

"कधीपासून गं?"

"तिशीतच सुरुवात झाली. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा हे म्हणाले, तुला बघून केली होती, आता हे काय? तेव्हापासून दर पंधरवड्याला बाथरूमची कडी लावून बसायचं. आई गेली तेव्हा कळवणला राहिले, लावायचा राहून गेला, तर परत आल्यावर हे चार दिवस बोलले नाहीत." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "तुमचं बरं आहे ताई. तुमच्याकडे कुणी बघतच नाही."

ती सहज बोलली होती. त्यात टोमणा नव्हता, वाईट हेतू नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. वत्सलाबाई उठल्या आणि जिना उतरल्या.

खाली येऊन त्यांनी कणीक तिंबायला घेतली. राग कशावर काढावा ते कळेना. खोटं थोडंच बोलली होती ती? खरोखरच कुणी बघितलं नव्हतं. आणि आता तिच्याकडेही कुणी बघू नये म्हणून तिचा नवरा तिला घरात ठेवायला निघाला होता. तू घरीच थांब. सासूबाई जोड्यात पाय घालता घालता म्हणाल्या होत्या ते हेच.

जयराम अंगणात गाडी पुसत होता. वत्सलाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या.

"भाऊजी, देवकाला मी बसणार. तुम्हीच बोललात, आता माघारी घेऊ नका. पण ज्योत्स्ना मांडवात येईल."

"वहिनी, लोक काय..."

"तुम्ही डेंग्यू सांगा. मला विचारलं तर मी खरं ते सांगेन. केस पांढरे झाले म्हणून नवऱ्यानं घरी बसवली."

जयराम फडकं पिळत राहिला. पाणी कधीच संपलं होतं.

यात दया होती असं कुणाला वाटेल. थोडी असेलही. पण वत्सलाबाईंच्या पोटात दुसरंच होतं, आणि ते त्या कुणाला सांगणार नव्हत्या. एकदा तरी चारचौघांत आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या राहू दे. दोन म्हाताऱ्या. बघू दे सगळ्यांना, आता काही फरक नाही.

लग्न गंगापूर रोडच्या लॉन्सवर होतं. सकाळी देवकाला वत्सलाबाई पाटावर बसल्या. सायखेड्याहून आलेल्या भावकीतल्या एक-दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या कानाला लागल्या. वत्सलाबाईंनी तांदूळ इकडेतिकडे सांडू दिले नाहीत. ललित हळूच म्हणाला, "आई, नीट बस, मांडी अवघडेल." तेवढ्यानं त्यांचे डोळे भरून आले.

देवक उरकत आलं तेव्हा ज्योत्स्ना आली. जांभळी पैठणी, अंगावर मोजके दागिने आणि उघडं पांढरं डोकं. तिनं पदर डोक्यावर घ्यायला हात उचलला आणि मध्येच सोडून दिला. क्षणभर मांडवातलं बोलणं थांबलं. वत्सलाबाईंना वाटलं, हाच तो क्षण.

"बाई, लय झाक दिसती गं," सायखेड्याची एक म्हातारी म्हणाली.

मग बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी म्हणालं, मान किती उंच दिसते. कुणी म्हणालं, वाटलं मुद्दामच कापलेत. नवरी हर्षाली मेंदीचे हात सांभाळत पुढे आली, "काकू, किती छान. असेच ठेवा ना." हर्षालीची आई वत्सलाबाईंजवळ येऊन म्हणाली, "तुमच्या जाऊबाई या वयातही नजर लागावी अशा आहेत हो." जयराम कुठूनसा आला आणि बायकोशेजारी उभा राहिला, जणू ही कल्पना त्याचीच.

वत्सलाबाईंच्या छातीत ओळखीचं काहीतरी सळसळत वर आलं. म्हणजे पांढऱ्या केसांनीही तिचीच बाजू घेतली. म्हातारपणानंसुद्धा. त्यांना रडू यायला हवं होतं, पण गंमत म्हणजे थोडं हसूच आलं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली, ते हे असं.

फोटोग्राफर सगळ्यांना स्टेजवर लावत होता. "त्या पांढऱ्या केसांच्या मॅडम, तुम्ही इकडे, नवरदेवाजवळ. आजी, तुम्ही जरा मागे होता का?"

वत्सलाबाई हलल्या नाहीत.

"मी नवरदेवाची आई आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. फोटोग्राफरनं "सॉरी, सॉरी" म्हणत कॅमेरा थोडा उजवीकडे वळवला. ज्योत्स्ना स्वतःहून कडेला सरकली. फोटो निघाला.

पंगती उठल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वत्सलाबाई स्टेजच्या पायरीवर एकट्याच टेकल्या होत्या. जयराम लांबून हाका मारत होता, "ज्योत्स्ना, ये इकडे, नांदगावची मंडळी भेटायची राहिलीत." तिनं हातानंच नाही म्हणून खुणावलं आणि वत्सलाबाईंपाशी आली. कानामागची जागा उन्हानं पुन्हा लाल झाली होती.

"पाय गेले माझे, ताई. जरा बसू का इथं?"

वत्सलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. घामेजलेला, थकलेला, तरीही देखणा चेहरा. त्यांनी मोतिया साडीचा घोळ गोळा केला आणि त्या बाजूला सरकल्या. थोड्याशाच. एका माणसाला दाटीवाटीनं टेकता येईल, एवढ्या.