तळघराला रंगाचे दोन हात

गल्लीतले दातांचे डॉक्टर स्वतःला हुशार समजत. त्यांच्या खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून हा समज वीस वर्षं टिकला. त्याला पहिला तडा गेला तो त्यांच्याच तळघरात.

तळघराच्या अंगणाकडच्या भिंतीला ओल होती. लोणा धरलेला, बोट फिरवलं की पांढरी पूड निघायची. डॉक्टरांच्या बायकोला तिथे शिवणवर्ग काढायचा होता. सहा जणी नावं देऊन गेल्या होत्या, पण भिंतीशी ठेवलेला कापडाचा तागा आठवड्यात बुरसला.

"अहो, कुणी गवंडी बघा ना," ती म्हणाली.

गंमत अशी, की गवंडी घरातच होता. तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं थापी चालवली होती; त्यांची बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले होते. पण सासऱ्यांना विचारायचं कसं, असा डॉक्टरांना संकोच. संकोच हे त्यांनी दिलेलं नाव. खरं नाव तोरा.

"एवढ्याला गवंडी कशाला? वॉटरप्रूफ रंग मिळतो," ते म्हणाले. त्यांनी तीन व्हिडिओ पाहिले; तिसरा अर्धाच, कारण तोवर त्यांना सगळं कळलं होतं.

रंगाचा डबा आला तेव्हा सासरे जिन्यात उभे होते. "जावईबापू, पाणी येतं कुठून ते आधी बघायचं का?"

"बाबा, आता रंगातच रबर असतं. पाणी कुठूनही येऊ दे."

"बरं," म्हणून सासरे वर गेले.

डब्यावर लिहिलं होतं, तारेच्या ब्रशने भिंत खरवडा, भेगा भरा, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. डॉक्टरांनी भिंत झाडूने झटकली, भेगांवरून ब्रश जरा दाबून फिरवला आणि सकाळी एक, दुपारी एक असे दोन्ही हात मारून मोकळे झाले. कीड न काढता दात भरला तर आतून सडतो, असं ते पेशंटला रोज बजावत. त्या रविवारी ते वाक्य काही त्यांना आठवलं नाही.

संध्याकाळी भिंत दुधासारखी दिसत होती. त्यांनी शेजारचे वकील बोलावले, समोरचा केमिस्ट बोलावला. "हात लावून बघा," प्रत्येकाला म्हणाले. वकिलांचा अंगठा त्या ओल्या रंगात तसाच उमटला.

मग चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या सकाळी बायकोने खालून हाक मारली. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर नारळाएवढा फुगा आला होता.

"हवा असेल गं आतली. अशी टोचली की..." म्हणत डॉक्टरांनी बोट घातलं. फुगा फुटला. बोलायला उघडलेल्या तोंडात गार, मातकट पिचकारी सरळ आत गेली.

बायको आधी हसली नाही. ते जास्त लागलं. मग ती पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

सासरे छत्री घेऊन घराला वळसा घालून आले. "बाहेर या जरा," म्हणाले. छतावरचं पाणी खाली आणणारा पाइप गटारापर्यंत जायच्या आधीच, भिंतीशी तुटलेला होता. सगळं पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत होतं.

"हा कुणी कापला?"

गेल्या वर्षी गाडीचं दार त्याला घासायचं, म्हणून डॉक्टरांनीच करवत चालवली होती. "मीच," ते म्हणाले.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. "काप मात्र सरळ आलाय हो."

त्या दिवसापासून डॉक्टर मजूर झाले. पाइप गटारापर्यंत नेला. भिंत वाळायला दोन आठवडे दिले. मग डॉक्टर खरवडत राहिले आणि सासरे स्टुलावरून "अजून" म्हणत राहिले. भेगा मात्र म्हाताऱ्याने स्वतः भरल्या. कपबशी धरताना थरथरणारा त्यांचा हात थापी घेतल्यावर एकदम स्थिर झाला.

पहिला हात मारून झाल्यावर सासरे गार पाणी प्यायले आणि गालाला हात लावून बसले.

"दाढ दुखते का बाबा?"

"जराशी."

"कधीपासून?"

"इथे आलो तेव्हापासून."

"आठ महिने? अहो, मला सांगायचं ना!"

"लेकीच्या घरी राहायचं, वर कुरकुर कशाला," सासरे म्हणाले.

डॉक्टरांना भिंतीत शिरावंसं वाटलं. रस्त्यावरच्या परक्याची सुजही त्यांना लांबून दिसायची. आणि हा माणूस आठ महिने समोर बसून एकाच बाजूने चावत होता. त्यांनी ब्रश पाण्यात टाकला, रंगाच्याच कपड्यांवर सासऱ्यांना दवाखान्यात नेलं आणि दाढ काढली.

दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला, बोलता येत नाही, तरी सासरे स्टुलावर हजर. सुटलेली जागा दिसली की नुसतं बोट दाखवत. डॉक्टर मुकाट्याने तिथे पुन्हा ब्रश फिरवत.

पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली, एका कोपऱ्यात तळहाताएवढी ओल सोडून. बायकोने तो कोपरा सोडून मशिनं मांडली आणि वर्ग सुरू झाला. भिंत कुणी केली, असं एकीने विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाबांनी. बिघडवली मी."