डोंगरबागेची टाकी

“उत्तम आहे,” नाकोबा म्हणाले आणि पेला खाली ठेवला. “घ्या मिश्रणात.”

मॅनेजर मान डोलावून बाहेर गेला. टेबलापलीकडे बसलेली धाकटी बहीण मात्र भावाकडे टक लावून पाहत राहिली. वाइन तिच्याच डोंगरबागेची होती.

बागाईतदारांच्या या सहकारी कारखान्यात त्यांना सगळेच नाकोबा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते मनातून आवडे. इथली प्रत्येक वाइन आधी त्यांच्या नाकाखालून जायची. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतली गोडसर, जराशी सुस्त. मधल्या चुनखडीच्या उतारावरची सडसडीत, आंबट. आणि वर डोंगरावर, जिथे मातीपेक्षा दगड जास्त आणि रात्री गार, तिथली उशिरा पिकणारी, मिरीसारख्या वासाची. तिन्ही किती किती मिसळायच्या ते नाकोबा ठरवायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण, रॉकेल, भिजलेली माती, सगळं एकसारखं. म्हणजे काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. नाकोबांनी कुणाला सांगितलं नाही. आंबट, गोड, तुरट एवढं जिभेला कळत होतं. उरलेलं ते आठवणीतून आणि हवामानावरून जुळवत. उन्हाळा कडक गेला, म्हणजे काठावरच्या द्राक्षांत साखर चढली असणार, आंबटपणा उतरला असणार. असं चाललं होतं. तोडणीच्या आधी डोंगरामागचं जंगल पेटलं होतं, तेही त्यांच्या लक्षात होतं. पण आग लांब होती, वारा उलटा होता. धूर बागेत उतरला नसावा, असा त्यांनी हिशेब केला.

“दादा, का घेतलीस?” बहिणीने विचारलं.

“चांगली आहे म्हणून.”

“चांगली? राखेचा वास मारतोय तिला. विझलेल्या चुलीत तोंड घातल्यासारखं वाटतं. टाकीचं झाकण उघडलं की मला रडू येतं रे! आज तू नको म्हणशील म्हणून मन घट्ट करून आले होते मी.” तिचा आवाज चढला. “एकटी बाई, नवरा नाही, म्हणून कीव केलीस ना? त्या दगडांत राबले मी. मला कुणाची दया नकोय. तुझी तर मुळीच नको!”

“कीव नाही गं.”

“मग काय?”

नाकोबा पेल्याची दांडी बोटांत फिरवत राहिले.

“मला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच. तापापासून.”

ती हळूच म्हणाली, “म्हणजे रविवारी जेवायला आलास की भाजीला काय घमघमाट सुटलाय म्हणायचास, ते...”

“अंदाजाने.”

तिला हसू फुटलं. ती हसत सुटली, आणि हसता हसताच तिने तोंड ओंजळीत लपवलं. नाकोबा उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

“अजून कुणाला कळलेलं नाही,” ते म्हणाले. “मी गप्प बसलो तर तुझं वर्ष निघेल.”

“आणि खालच्या लोकांचं? त्यांच्या चांगल्या वाइनमध्ये माझा धूर कालवायचा?” तिने डोळे पुसले. “पण दादा, तू सांगितलंस तर तुझं काय?”

नाकोबा उठले. दारापाशी जाऊन त्यांनी मॅनेजरला हाक मारली.

“डोंगरबागेची टाकी बाद करा. धूर लागलाय तिला. आणि मला तो कळला नाही, पुढेही कळणार नाही. चाखायला दुसरं माणूस बघा.”

मॅनेजरला वाटलं, चेष्टा चाललीय. मग त्याने बहिणीचा चेहरा पाहिला.

दुपारी टाकी रिकामी करायला काढली. चावी फिरवायला कामगार पुढे झाला, तेव्हा नाकोबांनी त्याला बाजूला केलं आणि ती स्वतः फिरवली. लालभडक धार मोरीत कोसळली. सगळ्या आवारात राखेचा आंबूस दर्प पसरला. कुणी रुमाल काढला, कुणी कोपराने नाक झाकलं, आणि एकेक जण मागे सरकत भिंतीपर्यंत गेला. नाकोबा एकटेच धारेजवळ उभे राहिले.

बहीण भिंतीपासून निघाली, ओल्या फरशीवरून चालत त्यांच्या शेजारी येऊन थांबली. तिने नाक झाकलं नाही. टाकीचा शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिथेच उभी होती.